काउंट कमी आलाय? गोळ्या-इंजेक्शनं सुरू करायच्या आधी हार्मोनचा रिपोर्ट असा वाचा

वीर्य तपासणीचा रिपोर्ट हातात आलाय, त्यावर शुक्राणूंचा काउंट कमी किंवा सरळ शून्य लिहिलंय, आणि घरी पोचेपर्यंत गूगलवर नको नको ते वाचून झालंय, अशा नवरा-बायकोसाठी हे लिहितेय. मी अँड्रॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या तपासण्या होतात तिथे, काम करते, वीर्याचे नमुने बघणं हेच रोजचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त जीव कशाने तुटतो तर बायकोच्या सोनोग्राफ्या, ट्यूबची तपासणी, दुर्बिणीचं ऑपरेशन सगळं होऊन वर्षंच्या वर्षं गेलेली असतात आणि नवऱ्याच्या रक्तातली साधी चार हार्मोन्स कोणी तपासलेलीच नसतात. त्याहून वाईट म्हणजे काउंट कमी आहे म्हणून कोणीतरी त्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करून दिलेलं असतं, ताकद येईल म्हणून, आणि त्या इंजेक्शननेच जो काही काउंट होता तोही जातो. मूल होत नसलेल्या जोडप्यांमध्ये साधारण निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून, त्यामुळे तपासणी दोघांची एकाच वेळी सुरू करायची, सुनेची आधी आणि मुलाची जमलं तर नंतर असं नाही.

खालचं सगळं वाचून स्वतःचा इलाज स्वतः करायचा नाहीये. पण डॉक्टरसमोर बसल्यावर आपल्या रिपोर्टवर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे आणि योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे, एवढं नक्की जमेल.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते बघा

शुक्राणू वृषणात तयार होतात पण ऑर्डर डोक्यातून येते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तिथून जीएनआरएच नावाचं हार्मोन सुटतं, आणि ते सतत सुटत नाही, थांबून थांबून सुटतं, साधारण दीड-दोन तासांनी एकदा. हे थांबून थांबून सुटणं फार महत्त्वाचं आहे कारण त्याच प्रकारचं औषध सलग देत राहिलं तर खालची ग्रंथी उलट गप्प बसते, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन बंद पाडायला डॉक्टर नेमकं हेच करतात. हे हार्मोन शोधून काढायला रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली या दोघांनी अक्षरशः मेंढ्या आणि डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे गोळा केले होते, कारण ते असतंच इतकं थोडं, आणि १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षी त्या नोबेलचा दुसरा अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना मिळाला, रक्तातलं इतकं कमी प्रमाणातलं हार्मोन मोजायची पद्धत काढली म्हणून. आज आपल्या रिपोर्टवर एफएसएच ४.२ असा आकडा छापून येतो त्याची सुरुवात तिथे झाली.

तर जीएनआरएच पोचतं पिट्युटरीला, म्हणजे पियुषिका ग्रंथीला, आणि ती रक्तात दोन हार्मोन्स सोडते, एलएच आणि एफएसएच. बायकांमध्ये पाळीचं चक्र चालवणारी हीच दोन, पुरुषांसाठी वेगळी काही नाहीत. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. एफएसएच जातं सर्टोली पेशींकडे, आणि या सर्टोली पेशी म्हणजे वाढणाऱ्या शुक्राणूंना जागा देणाऱ्या, त्यांचं पोषण करणाऱ्या, रक्तातल्या नको त्या गोष्टींपासून त्यांना वेगळं ठेवणाऱ्या पेशी. गंमत अशी की टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंवर थेट काम करत नाही, ते या सर्टोली पेशींवर काम करतं आणि सर्टोली पुढचं बघतात. म्हणजे शुक्राणू तयार व्हायला एफएसएच पण लागतं आणि वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन पण लागतं.

"वृषणाच्या आतलं" हे शब्द लक्षात ठेवा, सगळी मेख इथे आहे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, ५० ते १०० पटीपर्यंत. शुक्राणू बनायला ती आतली पातळी लागते. रक्तातली पातळी इंजेक्शनने वाढवता येते, पण आतली त्याने वाढत नाही, ती फक्त लायडिग पेशींनी जागेवर बनवूनच येते.

आणि वर खबर पण जाते. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी हात आखडता घेतात, त्यात टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनचाही वाटा असतो. सर्टोली पेशी इन्हिबिन बी नावाचं वेगळं हार्मोन सोडून एफएसएचला आवर घालतात. बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना, टाकी भरली की मोटर बंद, तसंच हे. आता कोणी बाहेरून टँकर आणून टाकी भरली तर मोटर बंदच राहणार, आणि त्या मोटरवर खाली जे जे चालतं ते सगळं बंद. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने एलएच आणि एफएसएच दोन्ही जवळजवळ शून्यावर येतात, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन ९० टक्क्यांहून जास्त पडतं, आणि माणूस बाहेरून मस्त दिसत असताना आत शुक्राणू बनणं थांबतं.

अजून एक आकडा पाठ करा, ७४ दिवस. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू बनायला साधारण एवढे दिवस लागतात, वर वृषणामागच्या एपिडिडिमिस नावाच्या नळीतून पुढे सरकायला एक-दोन आठवडे. म्हणजे आजच्या नमुन्यात जे दिसतंय ते तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं काम आहे. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता, १०३ ताप होता, तर आजचा काउंट त्या तापाचा असू शकतो. आणि कुठलंही औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांत रिपोर्ट करून "फरक नाही पडला" म्हणणं चूकच आहे, तीन महिने थांबायलाच लागतं.

वीर्याचा नमुना नीट द्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं

आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, पण ७ दिवसांच्या वरही नको, जास्त दिवस थांबलं की काउंट वाढलेला दिसेल पण हालचाल कमी दिसते. शक्य असेल तर नमुना लॅबमध्येच द्या. घरून आणायचा असेल तर लॅबने दिलेल्याच डबीत, तासाभराच्या आत, आणि येताना डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा एसीच्या झोतासमोर नको, थंडीने शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. थुंकी, तेल, साबण, जेल काही वापरायचं नाही. साधा कंडोम वापरून तर अजिबात नाही, त्यातल्या लुब्रिकंटने शुक्राणू मरतात. आणि थोडा नमुना बाहेर सांडला असेल तर लाजू नका, काउंटरवर सांगा, विशेषतः पहिला भाग सांडला असेल तर, कारण शुक्राणू जास्त करून पहिल्याच भागात असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणीच्या पुस्तकाच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे: व्हॉल्यूम म्हणजे वीर्याचं प्रमाण १.४ मिली, काउंट मिलीमागे १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण शुक्राणू ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हो, ४ टक्केच. ९६ टक्के अॅबनॉर्मल वाचून लोक रडकुंडीला येतात, पण ते नॉर्मलच आहे. हे आकडे कुठून आले तर ज्यांच्या बायकोला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांपाशी रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खालीही मूल झालेले बाप आहेत, आणि १४ मिलियन आला म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

एका रिपोर्टवर कधीच निर्णय घेऊ नका. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना द्याच. आणि शून्य आला असेल तर लॅबला एक प्रश्न नक्की विचारा, नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमध्ये जोरात फिरवून, खालचा साका बघितला का? कारण नुसत्या एका थेंबात काही दिसलं नाही तरी साक्यात चार-दोन शुक्राणू सापडतात, आणि शून्य वेगळं, चार-दोन वेगळे, इलाजाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रक्त कधी आणि कशाकशासाठी द्यायचं

एफएसएच, एलएच, टोटल टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन, ही चार. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन, ते फार वाढलं तर डोक्यातली ऑर्डर दाबतं. डॉक्टर वरून टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचाच प्रकार) पण सांगतात, ठीक आहे. रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी द्या, कारण टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं, तरुण माणसात तर हा फरक चांगलाच असतो. ऑफिसमधून संध्याकाळी सहाला येऊन दिलेल्या रक्तात कमी आलं तर त्याला काही अर्थ नाही. नाइट शिफ्ट करत असाल तर आधी सांगा. ताप, आजारपण चालू असताना करू नका. कमी आलं तर वेगळ्या दिवशी सकाळी परत करा, एका आकड्यावर कोणाला टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचा शिक्का मारायचा नसतो.

युनिट बघा, खूप गोंधळ इथे होतो. एक लॅब नॅनोग्रॅम पर डेसिलिटर देते, दुसरी नॅनोग्रॅम पर मिली. पहिल्या पद्धतीत ३०० म्हणजे दुसऱ्या पद्धतीत ३. नॅनोमोल असेल तर तेच साधारण १०.४. एका लॅबमध्ये ४५० आणि दुसरीत ४.५ आलं म्हणून घाबरून फोन करणारे असतात, आकडा तोच आहे. साधारण ३०० च्या खाली सकाळचा आकडा दोनदा आला तर कमी म्हणतात. वजन खूप जास्त असेल तर टोटल थोडं कमीच दिसतं, कारण टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रोटीन कमी असतं, तेव्हा फ्री टेस्टोस्टेरॉन बघायला लागतं.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. केस गळतीच्या गोळ्या घेताय का? त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, १० मिलीग्रॅम वगैरे, आणि काही लॅबच्या मशीनची टेस्ट बायोटिनवरच चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे चुकतात. एलएच, एफएसएच खोटे कमी येतात आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त येतं. म्हणजे हुबेहूब स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाचा रिपोर्ट! ज्याने आयुष्यात इंजेक्शन घेतलं नाही त्याच्यावर घरच्यांचा संशय, त्यापेक्षा रक्त द्यायच्या आधी तीनेक दिवस या गोळ्या बंद ठेवा आणि काय काय घेताय ते सगळं काउंटरवर सांगा. केस गळतीसाठी फिनास्टराइड घेत असाल तर ते डॉक्टरांनाही सांगा, काही पुरुषांत त्याने काउंट उतरतो आणि बंद केल्यावर सुधारतो.

आता दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा

टेबलावर वीर्याचा आणि रक्ताचा रिपोर्ट बाजूबाजूला ठेवा. एकेकटा वाचून काही कळत नाही. एफएसएचची रेंज लॅबनुसार साधारण १.५ ते १२, एलएच साधारण १.७ ते ८.६, तुमच्या लॅबची जी छापलीय ती धरा.

पहिला प्रकार, समजा काउंट शून्य, एफएसएच २८, एलएच १४, टेस्टोस्टेरॉन २१०. डोक्यातून ऑर्डर जोरात येतेय, ओरडून ओरडून येतेय, पण वृषण काम करत नाहीयेत. कारण काय असू शकतं? जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असणं, म्हणजे क्लाइनफेल्टर, हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही, ६०० पुरुषांत साधारण एकाला असतं आणि खूप जणांना लग्नानंतर मूल होईना तेव्हाच कळतं. वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आलेली असणं, लहानपणी वृषण खाली न उतरणं, किमोथेरपी. इथे डॉक्टर हाताने वृषण तपासतात, आणि चांगल्या क्लिनिकमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या अंडाकृती मण्यांची एक माळ असते, ऑर्किडोमीटर म्हणतात तिला, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंतचे मणी, एका हातात मणी आणि एका हाताने वृषण असं ताडून बघायचं. नॉर्मल पुरुषात साधारण १५ ते २५, क्लाइनफेल्टरमध्ये बरेचदा ४ किंवा त्याच्याही खाली. दोन मिनिटांची तपासणी आहे, फुकट आहे, पण ती न करता हजारोंच्या टेस्ट लिहिलेल्या मी बघितल्यात. डॉक्टरांनी हात लावून तपासलंच नसेल तर "तपासून घ्या ना" म्हणायला संकोच करू नका.

दुसरा प्रकार, काउंट शून्य पण टेस्टोस्टेरॉन ४५०, एलएच ६, फक्त एफएसएच १८. इथे लायडिग पेशी ठणठणीत आहेत, दाढी-मिशी, इच्छा, ताठरता सगळं व्यवस्थित, फक्त शुक्राणू बनवणारा भाग चालत नाहीये, त्यामुळे इन्हिबिन बी कमी पडतं आणि एफएसएच वाढतं. हे मी नवऱ्यांना आवर्जून सांगते कारण काउंट शून्य म्हटल्यावर माणूस मान खाली घालतो, त्याला वाटतं आपल्यात पुरुषपणच नाही. पुरुषपणाचं हार्मोन एका पेशीत बनतं, शुक्राणू दुसरीकडे बनतात, दोन खाती वेगळी आहेत. वीर्याचं प्रमाण पण नॉर्मल दिसतं, कारण वीर्यातला बहुतेक द्रव सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, शुक्राणूंचा वाटा अगदी नगण्य.

या दोन्ही प्रकारांत आणि एकूणच काउंट ५ मिलियनच्या खाली असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी) आणि वाय क्रोमोसोम मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा उडालाय का) या दोन टेस्ट करायला सांगतात. त्या महाग वाटतील पण पुढचे लाख वाचू शकतात. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ ए किंवा बी हा भाग पूर्ण उडालेला असेल तर वृषणात सुई घालून किंवा ऑपरेशन करून शुक्राणू शोधण्यात अर्थ नसतो, सापडत नाहीत. सी भाग गेलेला असेल तर सापडू शकतात, पण मुलगा झाला तर त्यालाही तोच दोष जाणार हे माहीत असून ठरवायचं. क्लाइनफेल्टरमध्ये मायक्रोस्कोपखाली वृषण उघडून शोधलं, ज्याला मायक्रो टेसे म्हणतात, तर ४० ते ५० टक्के जणांत शुक्राणू सापडतात, म्हणून तिथे हार मानायची घाई नको.

तिसरा, सगळी हार्मोन्स नॉर्मल, वृषणही नॉर्मल आकाराचे, तरी काउंट शून्य. इथे पहिला संशय वाट बंद असण्याचा. व्हॉल्यूम बघा, ०.७ मिली, पीएच आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज निगेटिव्ह असेल तर शुक्राणूवाहिनी जन्मतःच नसू शकते, आणि तेही डॉक्टरला बोटांनी चाचपून कळतं. मग सीएफटीआर जीनची टेस्ट दोघांची करतात, कारण तोच जीन मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आजार आणतो. आत शुक्राणू बनत असतात, बाहेर येत नाहीत एवढंच, सुईने काढून इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट बीजात सोडणं, करता येतं. मात्र हार्मोन नॉर्मल म्हणजे अडथळाच असं शंभर टक्के नसतं, कधी कधी शुक्राणू अर्ध्या वाटेत अडकून मोठेच होत नाहीत आणि एफएसएच तरीही नॉर्मल राहतं.

चौथा, सगळंच कमी. एफएसएच ०.६, एलएच ०.५, टेस्टोस्टेरॉन ९०. ऑर्डरच येत नाहीये. ऐकायला भयंकर वाटतं पण इलाजाच्या दृष्टीने हा प्रकार चांगल्यातला आहे कारण इथे औषधाने शुक्राणू खरोखर तयार होतात. डॉक्टर विचारतील वास येतो का? उदबत्ती, कॉफी, गॅस गळतीचा वास? प्रश्न विचित्र वाटतो पण कारण आहे, जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी आईच्या पोटात असताना नाकाच्या भागातून मेंदूत जातात, त्या वाटेत राहून गेल्या तर वासही नाही आणि वयात येणंही नाही, कॅलमन सिंड्रोम म्हणतात. प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं असेल तर गाठ आहे का बघायला पिट्युटरीचा एमआरआय. पण त्याआधी औषधांची यादी काढा. अॅसिडिटीच्या गोळ्यांमध्ये आपल्याकडे डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड जोडून दिलेलं असतं, लोक ती वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून खातात, आणि दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. मानसिक आजाराच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनीही वाढतं, पण ती स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरशी बोलूनच बदलायची. ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्यांची सवय असेल तर तेही सांगा.

जिमचं इंजेक्शन घेतलं असेल तर

आणि हा पाचवा. वय तीस, शरीर कमावलेलं, काउंट शून्य, टेस्टोस्टेरॉन १२००, एलएच ०.१ पेक्षा कमी, एफएसएच ०.२. हा रिपोर्ट वाचायला कोणी लागत नाही, बाहेरून टेस्टोस्टेरॉन जातंय (बायोटिनचं वर सांगितलं ते आधी तपासून). पण नॅन्ड्रोलोन, ट्रेनबोलोन, डायनाबॉल असलं दुसरं काही स्टिरॉइड घेतलं असेल तर ते टेस्टोस्टेरॉनच्या टेस्टमध्ये धड मोजलं जातच नाही, मग रिपोर्ट चौथ्या प्रकारासारखा दिसतो, सगळंच कमी, आणि माणूस बिचारा एमआरआयच्या रांगेत. म्हणून डॉक्टरला खरं सांगा. बायको किंवा आई बरोबर असेल आणि तिच्यासमोर बोलवत नसेल तर एकट्याने पाच मिनिटं मागा, पण सांगा.

टेस्टोस्टेरॉनने काउंट जातो हे काही नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच ते वापरून बघितलं होतं, १९९० साली त्याचे निष्कर्ष आले, २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलीग्रॅम, आणि त्यातल्या १५७ जणांचा काउंट सहा महिन्यांच्या आत शून्य. हाच डोस आज जिममध्ये "हलका" म्हणून सांगितला जातो. मात्र सगळ्यांचा शून्य होत नाही, त्यामुळे गर्भनिरोधक म्हणून यावर विसंबायचं पण नाही.

परत येतो का? बहुतेकांचा येतो. अशाच गर्भनिरोधक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००६ मध्ये जे बघितलं गेलं त्यात बंद केल्यावर काउंट २० मिलियनपर्यंत परत यायला ६ महिन्यांत सुमारे ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सगळे, असं होतं. पण ते मोजून-मापून दिलेले डोस होते, वर्षानुवर्षं तीन-चार औषधं एकत्र मारणाऱ्याला जास्त वेळ लागू शकतो. आणि बंद करायचं तेही एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा अँड्रॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, कारण बंद केल्यावर डोक्यातली ऑर्डर लगेच सुरू होत नाही, मधले काही आठवडे-महिने टेस्टोस्टेरॉन तळाला जातं, थकवा, चिडचिड, इच्छा संपणं, झोप उडणं, कोणाला खोल नैराश्य येतं, आणि त्याच त्रासाने पोरं परत इंजेक्शन घेतात आणि चक्र सुरूच राहतं. बायकोने पण हे समजून घ्यायला हवं, तो काळ सोबतीचा आहे. फार उदास वाटत असेल, जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, हे हार्मोन पडल्याने होतंय आणि यावर मदत आहे.

खरोखरच टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणून डॉक्टरने जेल किंवा इंजेक्शन लिहून दिलंय अशांनाही हेच लागू आहे. "आम्हाला मूल हवंय" हे वाक्य पहिल्याच भेटीत बोला, मग इलाजच वेगळा होतो.

इलाजात काय काय असतं

ऑर्डर येत नसेल तिथे एचसीजीची इंजेक्शनं देतात. हे तेच हार्मोन जे प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा आणतं, ते एलएचसारखं वागतं आणि लायडिग पेशींना कामाला लावतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत बनतं, जिथे हवंय तिथे. काही महिन्यांनी गरज पडली तर एफएसएचची इंजेक्शनं जोडतात. सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात, इंजेक्शन आठवड्यातून दोन-तीनदा, खर्च आणि धीर दोन्ही लागतो, पण ज्यांना कधीच शुक्राणू नव्हते त्यांच्यात ते दिसायला लागतात. यांच्यात कमी काउंटवरही दिवस गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

क्लोमिफेन ही बायकांची म्हणून माहीत असलेली गोळी पुरुषांनाही देतात, ती डोक्यात इस्ट्रोजेनची खबर पोचू देत नाही, त्यामुळे एलएच-एफएसएच वाढतात. ज्याचं एफएसएच आधीच २८ आहे त्याला ही देऊन काय मिळणार, तिथे ऑर्डर आधीच जोरात आहे, हा प्रश्न विचारा. वजन फार असेल तर चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि ते वरची ऑर्डर दाबतं, तिथे वजन उतरवणं हाच इलाज, कधी लेट्रोझोलसारखी गोळी. प्रोलॅक्टिनसाठी कॅबरगोलीन, गाठ असली तरी बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, गोळीनेच आटोक्यात येते.

वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतील, व्हेरिकोसील, जास्त करून डावीकडे, तर त्याचं ऑपरेशन काहींना उपयोगी पडतं, पण फक्त सोनोग्राफीत दिसतंय आणि हाताला लागत नाही अशा बारीकसाठी ऑपरेशन करून फारसं काही मिळत नाही. वृषण शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावे लागतात, म्हणून भट्टीसमोर काम असेल, लॅपटॉप मांडीवर असेल, रोज सॉना घेत असाल तर ते आधी कमी करा, ते तर फुकटच आहे. डब्यावर घटक लिहिलेले नाहीत अशी कुठलीही पावडर, कोणीही दिलेली असो, घेऊ नका.

सुरू केलेल्या इलाजाचा हिशोब असा ठेवा: तारीख लिहा, तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, तेवढेच दिवस थांबून, परत वीर्य तपासणी आणि सकाळचं रक्त. लॅब बदलली की तुलना गंडते. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर डॉक्टरला सरळ विचारा की नवऱ्याच्या औषधांची दोन वर्षं वाट बघायची का इक्सीचं समांतर बघायचं, कारण त्याचे शुक्राणू परत येतील पण तिची बीजं तोवर कमी होत जातात.

आणि घरात कोणा तरुण मुलाला कॅन्सर निघाला असेल, किमो किंवा रेडिएशन ठरलं असेल, तर त्याचं लग्न झालेलं नसलं तरी आधी स्पर्म बँकेत नमुना गोठवून घ्या. त्या गडबडीत हे कोणाच्या डोक्यात येत नाही आणि वडीलधाऱ्यांना विचारायला अवघड वाटतं, पण याला एक-दोन दिवस पुरतात, त्यामुळे किमोची तारीख मिळाली की त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टला विचारा.